आई म्हणते, ‘तुम्ही म्हणाल तसं’

एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांचं वय 43, नोकरी पुण्यात. आई 67 वर्षांची, नांदेडला एकटी राहते. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पावणेदोन वर्षांपूर्वी गेले. शेजारच्या शीख कुटुंबाकडून ऐकून ऐकून वडिलांनी उत्तराखंडातली फुलांची दरी आणि डोंगरातल्या तलावाकाठचा हेमकुंड साहिब गुरुद्वारा असा बेत मनात धरला होता. मुक्काम, अंतरं, खर्च, सगळं एका वहीत लिहिलेलं आहे. जाणं मात्र राहून गेलं. आता आईला नेऊन तो बेत पुरा करावा असं या भगिनींना वाटतं. आईनं आळंदी ते पंढरपूर वारी पाच वेळा पायी केली आहे. बीपीची गोळी चालू आहे, डावा गुडघा कुरकुरतो. भावाचं म्हणणं, ‘न्यायचंच तर हेलिकॉप्टरनं ने, पुढं घोडा कर, नाहीतर रोपवे होतोय, थांब.’ नवऱ्याचं म्हणणं, ‘नांदेडला एवढा मोठा गुरुद्वारा आहे, आपण वारकरी, तिकडं कशाला?’ एका ट्रेकिंग ग्रुपचा सहा दिवसांचा कार्यक्रम त्यांनी पाहून ठेवला आहे. पत्राचा शेवट असा : ‘काही झालं तर मला आयुष्यभर माफी नाही. नेऊ की नको, एवढंच सांगा.’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. कोण काय म्हणालं त्याखाली रेघा मारत गेले. भाऊ बरंच बोललाय. तुमचे यजमान बोललेत, ट्रेकिंग ग्रुपवाला बोललाय, फॅमिली डॉक्टर ‘बघा बुवा’ म्हणालेत. आईच्या नावावर चार पानांत एकच वाक्य सापडलं : ‘तुम्ही म्हणाल तसं.’

आपल्या घरांतल्या बायका हे वाक्य कोणकोणत्या वेळी म्हणतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. मनातून फार हवं असतं आणि मागायची लाज वाटते तेव्हा म्हणतात. अजिबात नको असतं आणि लेकराचं मन मोडायचं नसतं तेव्हाही म्हणतात. शब्द तेच, सूरही जवळपास तोच. त्यामुळे ‘नेऊ की नको’ याचं उत्तर मी लगेच देणार नाही. तो बेत बाबांचा होता, हे कळलं. तो पुरा करायची ओढ तुम्हाला आहे, हेही कळलं. आईची त्यात किती आहे, ते पत्रातून मला कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही कळलं आहे असं वाटत नाही.

त्याकडे मी परत येते. आधी भावाचं बोलणं घेऊ, कारण अडचण तिथं मोठी आहे, आणि त्याच्यासारखा विचार करणारी मंडळी घरोघर आहेत.

वय जास्त म्हणजे धोका जास्त, पाय कमी चालवले म्हणजे धोका कमी, असा त्याचा हिशोब आहे. सरळ वाटतो, पण हेमकुंडच्या वाटेवर तो चुकतो. नांदेड समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे-चारशे मीटरवर. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1,646 मीटर. जिथून चालायला सुरुवात होते ते गोविंदघाट आणि पुढचं पुलना गाव कळसूबाईच्या माथ्याहून उंच. मुक्कामाचं घांघरिया तीन हजारांच्या थोडं वर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. आणि हेमकुंड चार हजार मीटरच्या बरंच वर. तिथं दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत सुमारे 40 टक्के कमी असतो. शरीराला याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ हेलिकॉप्टर देत नाही, उलट काढून घेतं. घोड्यावर पाय दमत नाहीत हे खरं, पण हवा घोड्यावरही तेवढीच विरळ असते. विरळ हवेचा त्रास कुणाला होईल हे वयावरून सांगता येत नाही आणि पायातल्या ताकदीवरूनही नाही. रोज जिममध्ये जाणारा तिशीतला गडी घांघरियाला डोकं धरून बसतो आणि त्याची सासू निवांत पराठा खात असते, असं तिथले धाबेवाले सांगतील.

रोपवेचंही तेच. गोविंदघाट ते हेमकुंड अशा 12.4 किलोमीटरच्या रोपवेला केंद्रीय मंत्रिमंडळानं मार्च 2025 मध्ये मंजुरी दिली, खर्च 2,730 कोटींचा. व्हायला वर्षं लागतील. झाल्यावर ज्यांना चालताच येत नाही त्यांची मोठी सोय होईल, याबद्दल वाद नाही. पण सकाळी अठराशे मीटरवर चहा घेतलेला माणूस तासाभरात चार हजारांच्या वर जाऊन उभा राहील, तेव्हा त्याच्या फुप्फुसांना कुणी विचारलेलं नसेल. आईला सत्तरीच्या पुढे असं नेण्यापेक्षा आता हळू हळू चालवत नेणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा गेले तेव्हा सह्याद्रीतली वीस वर्षं माझ्या पायांत होती आणि त्याहून जास्त डोक्यात होती. राजगड-तोरणा एका दमात करणारी बाई मी, मला कोण शिकवणार! जोशीमठहून निघून एका दिवसात घांघरिया गाठलं आणि दुसऱ्या पहाटे, गुडघे वाचवायचे म्हणून घोडा करून, थेट हेमकुंड. तलावापाशी उतरले तेव्हा कानशिलं फुटत होती. लंगरमध्ये चहाचा पेला हातात दिला, त्याचा वास सहन होईना. बाहेर येऊन ओकले. एक पंजाबी म्हातारी, माझ्या आईच्या वयाची, हातात काठी, पायात कापडी बूट, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, ‘पुत्तर, नीचे जा.’ दर्शन न घेताच खाली आले. खाली येता येताच बरं वाटायला लागलं, पण दुसरा अख्खा दिवस अंथरुणात गेला आणि दरी पाहायची राहिली. ती पाहायला मला पुढं नऊ वर्षं लागली.

तेव्हा ‘आईनं पाच वाऱ्या केल्यात’ हे तुम्ही ज्या भरवशानं लिहिलंय त्यालाही थोडा लगाम घालते. वारीनं आईला जे दिलंय ते फार मोलाचं आहे : रोज उठून चालायची सवय, ओल्या कपड्यांत कुरकुर न करणं, परक्या ठिकाणी झोप लागणं, रांगेत उभं राहणं. हे ट्रेकिंगच्या कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. पण वारीतला चढ म्हणजे दिवे घाट. घांघरिया ते हेमकुंड सहाच किलोमीटर, पण तेवढ्यात हजार मीटरहून जास्त उंची चढायची, म्हणजे पायथ्यापासून सिंहगड जवळजवळ दोनदा, तोही विरळ हवेत. आणि वारीत दमलं तर मागून ट्रक येतोच.

या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं सामान म्हणजे जादा दिवस. तुमच्या ग्रुपचा सहा दिवसांचा कार्यक्रम मी पाहिला. ऋषिकेशहून एका दिवसात जोशीमठ, दुसऱ्या दिवशी घांघरिया, तिसऱ्या दिवशी हेमकुंड, चौथ्या दिवशी दरी. पंचवीस-तिशीच्या मुलांना तो जमतो, निदान बऱ्याच जणांना. आईसाठी तो नको. कुठलाही ग्रुप वाईट म्हणून नाही. ग्रुपचं घड्याळ सगळ्यांचं असतं आणि तुम्हाला आईचं घड्याळ लागणार आहे.

मी असते तर असं केलं असतं. नांदेडहून विमानाबिमानाच्या भानगडीत न पडता सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून हरिद्वार. त्या गाडीत आईला अमृतसरला निघालेली नांदेडची अर्धी ओळखीची मंडळी भेटतील. हरिद्वारला एक रात्र. पुढचा रस्ता एका दिवसात रेटायचा नाही, रुद्रप्रयाग किंवा पिपलकोटीला थांबायचं, मग जोशीमठला एक रात्र. मग गोविंदघाट, तिथून पुलन्यापर्यंत जीप आणि पुढं दहाएक किलोमीटर चालत घांघरिया. सकाळी लवकर निघालात आणि दर धाब्यावर बसलात तरी दुपार उलटेपर्यंत पोचाल. दुसरा दिवस कुठंही जायचं नाही. फार तर दरीच्या फाटकापर्यंत पाय मोकळे करून यायचं. तिसऱ्या दिवशी दरी. हेमकुंड चौथ्या दिवशी, तोवर आईनं तीन रात्री तीन हजारांवर काढलेल्या असतील. दरी आधी, हेमकुंड नंतर, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. दरीत उंची घांघरियापेक्षा फार वाढत नाही, आणि आईचं शरीर काय म्हणतंय ते तिथंच कळेल. शेवटी दोन दिवस कोरे ठेवा. ते पावसाचे. ऋषिकेश ते जोशीमठ रस्त्यावर पावसाळ्यात दरड येणं ही बातमी नसते, रोजचा दिनक्रम असतो. सिरोबगडला आमची गाडी एकदा पाच तास उभी होती आणि ड्रायव्हरच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

आता महिना कुठला? फुलं सगळ्यात जास्त जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि पाऊसही तेव्हाच सगळ्यात जास्त. तुम्ही ऑगस्टचा पहिला आठवडा धरलाय, तो फोटो बघून धरलाय असा माझा अंदाज आहे. आईसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. रंग थोडे उतरलेले असतील, पण आकाश उघडायला लागतं, वाट कमी निसरडी असते आणि हेमकुंडच्या बाजूला ब्रह्मकमळ तोवर असतं. गौरी-गणपती मध्ये येतात, हे मला दिसतंय. त्या वर्षी गौरी कुणाकडे बसवायच्या हा प्रश्न तुम्ही आणि भावानं सोडवायचा, आईवर टाकायचा नाही. हेमकुंडचे दरवाजे साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात, दरी ऑक्टोबरअखेर. त्यामुळे गणपती उरकूनही वेळ असतो, फक्त फुलं मग थोडी आणि थंडी जास्त.

ब्रह्मकमळावरून आठवलं. आईच्या गच्चीतल्या ब्रह्मकमळाला गेल्या वर्षी एका रात्रीत सात फुलं आली आणि तिनं रात्री बारा वाजता सगळ्यांना फोटो पाठवले, असं तुम्ही लिहिलंय. ती गंमत तिला आधी सांगून ठेवा : आपण कुंडीत लावतो, रात्री फुलतं म्हणून जागतो, हळदकुंकू वाहतो, ते निवडुंगाच्या कुळातलं झाड आहे, मूळचं अमेरिका खंडातलं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, फिकट पोपटी कागदी पाकळ्यांसारख्या पानांत जांभळट गेंद मिटून बसलेला. ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे. बघताना तोडायचा मोह होईल, तोडायचं नाही. आईला वाईट वाटेल, पण सातपैकी एक फूल तोडायला तिनं स्वतःच्या गच्चीत तरी कुणाला हात लावू दिला असता का?

दरीबद्दल थोडं. 1931 मध्ये कामेट शिखरावरून परतणारे गिर्यारोहक पावसात वाट काढत भ्युंडार खोऱ्यात उतरले, त्यातल्या फ्रँक स्माइद यांच्या लिखाणामुळं ती जगाला कळली. भ्युंडारची माणसं अर्थातच आधीपासून तिथं मेंढरं चारत होती. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली, 2005 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं. आत मुक्काम करता येत नाही, घोडा नाही, टपरी नाही. सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत बाहेर यायचं. आत एक थडगं आहे, जोन लेग या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंचं. 1939 मध्ये फुलांचे नमुने गोळा करताना उतारावर पाय घसरून त्या गेल्या. त्या थडग्याचं नाव मी मुद्दाम काढते. तुमच्या पत्रात भीती सगळी उंचीची आहे, आणि दरीत धोका ओल्या दगडाचा आहे. आईच्या पायात नवे कोरे बूट घालून नेऊ नका. दोन महिने आधी घ्या, नांदेडच्या रस्त्यावर भाजी आणायला तेच घालू द्या.

थडग्यापर्यंत गेलंच पाहिजे असंही नाही. पुष्पावती नदीचा पूल ओलांडून दरी उघडते तिथं एखाद्या दगडावर दोन तास बसलात तरी दरी पाहिली. मी दुसऱ्या खेपेला तेवढंच केलं.

आता एक गोष्ट, जी कुठल्या ग्रुपच्या यादीत नसते. बायका वाटेवर पाणी कमी पितात, कारण जायची सोय कुठं असेल याची धास्ती असते. आईच्या वयाच्या बायका तर पितच नाहीत, वारीतही तुम्ही पाहिलं असेल. उंचीवर हे महागात पडतं. घांघरियाच्या आणि हेमकुंडच्या वाटेवर धाबे आहेत, विचारलं तर सोय होते. दरीत काही नाही. त्यासाठी एक मोठी काळी छत्री आणि तुमची पाठ, एवढं पुरतं. पण हे आईशी आधी, घरी, मोकळेपणी बोलून घ्या. साडीचंही तसंच. भिजलेली सुती साडी अंगावर दगडासारखी होते आणि पायात येते. सलवार किंवा ट्रॅक पँट घालायला ती तयार होईल, फक्त भावजयीसमोर तो विषय काढू नका.

डॉक्टरांकडे जाताना ‘नेऊ का?’ असं विचारू नका, ते ‘बघा बुवा’च म्हणणार. नेमकं विचारा. बीपीची कुठली गोळी आहे आणि ती उंचीवर चालेल का? हृदयाची तपासणी हवी का? हिमोग्लोबिन किती आहे? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. मुळात रक्त कमी असेल तर विरळ हवेत ते दुप्पट जाणवतं, आणि ते वाढवायला महिने लागतात. उंचीसाठी देतात ती डायमॉक्स गोळी आईला चालेल का, तिला सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी आहे का, हेही तिथंच. ग्रुपमधल्या कुणी दिली म्हणून घ्यायची गोळी ती नव्हे.

आणि लक्षणं. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, चक्कर, झोप न लागणं. पुस्तकात लिहिलंय, ‘रुग्णाला विचारा.’ तुम्ही आईला विचाराल, ‘डोकं दुखतंय का?’ ती म्हणेल, ‘काही नाही गं, जरा असंच.’ तेव्हा विचारू नका, बघा. चहा अर्धा ठेवला का? वरणभात पुढं सरकवला का? बोलणं कमी झालं का? कायम पुढं चालणारी बाई मागं पडायला लागली का? यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल, बोलण्यात गोंधळ किंवा चालण्यात झोक जात असेल तर सकाळची वाट न बघता खाली न्यायचं, कंडीत, म्हणजे माणसाच्या पाठीवरच्या टोपलीत बसवून, जसं जमेल तसं. इथं भावाचं हेलिकॉप्टर उपयोगाचं, हवा उघडी असेल तर.

उपासाचं विसरले होते. आई एकादशी धरते, आणि श्रावणातले सोमवारही, असं दिसतंय. रिकाम्या पोटी चढ नको. पंचांग बघून एकादशीच्या दिवशी घांघरियाची विश्रांती येईल असं आखा. ती जास्त खूश होईल.

घोडा नकोच असं माझं म्हणणं नाही. हेमकुंडच्या चढाला तीन रात्रींनंतर घोडा घेतला तर चांगलाच, दम वाचतो. मात्र गुडघा चढताना कमी आणि उतरताना जास्त बोलतो, आणि उतारावर घोड्यावर बसणं आईला आवडेल असं वाटत नाही. दोन काठ्या, गुडघ्याला पट्टा आणि भरपूर वेळ, हाच इलाज. पहाटे पाचला निघा. निघायच्या आदल्या रात्री दोघींनी एक वेळ ठरवा, समजा साडेअकरा. साडेअकराला जिथं असाल तिथून मागं फिरायचं. समोर वळणापलीकडं गुरुद्वाऱ्याचा झेंडा, निशाणसाहिब, दिसत असला तरी. वर मुक्कामाला कुणालाच राहू देत नाहीत, दुपारी दोनच्या सुमाराला सगळ्यांना खाली काढतात, आणि दुपारनंतर धुकं-पाऊस ठरलेला. ही वेळ तिथं, दमलेल्या डोक्यानं ठरवता येत नाही. ‘एवढं आलोच आहोत तर’ हे वाक्य त्या वाटेवरचं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे.

म्हणून एका गृहीताबद्दल बोलायला हवं. पत्रभर तुम्ही ‘बेत पुरा करणं’ असे शब्द वापरलेत. हेमकुंडच्या दोन किलोमीटर अलीकडून आई परत फिरली तर बेत अपुरा राहिला असं तुम्हाला वाटेल का? ते तुमच्या चेहऱ्यावर आईला दिसेल का? दिसणार असेल तर ती डोकं फुटत असतानाही चढत राहील. बाबांसाठी, तुमच्यासाठी. खरा धोका मला इथं दिसतो. उंची, वय, गुडघा याचा बंदोबस्त होतो. हा धोका तुम्हालाच आवरावा लागेल, आणि निघण्याआधी.

यजमानांच्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे. नांदेडच्या हजूर साहिबला गुरू गोविंदसिंगजींचा शेवट झाला, 1708 मध्ये. हेमकुंड त्यांच्या आधीच्या जन्मीच्या तपाची जागा मानतात, त्यांच्या नावावरच्या ‘बचित्तर नाटक’ या रचनेत सात शिखरांमधल्या हेमकुंटाचा उल्लेख आहे. त्यावरून शोध घेत 1930 च्या दशकात संत सोहनसिंग आणि हवालदार मोदनसिंग तिथं पोचले आणि पहिलं छोटं बांधकाम झालं. त्याच तलावाला भ्युंडारची माणसं लोकपाल म्हणतात, काठावर लक्ष्मणाचं देऊळ आहे. तेव्हा नांदेडच्या माणसानं तिथं जाणं म्हणजे गोष्टीचा शेवट ठाऊक असलेल्यानं तिची सुरुवात बघायला जाणं. आणि ‘आपण वारकरी’ म्हणाल तर गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. पंढरपुरात ज्यांच्या पायरीवर आई पाय न देता वाकून पुढं जाते, त्यांचेच शब्द त्या तलावाकाठच्या ग्रंथात आहेत. डोक्यावर पदर घ्यायचा, बूट काढायचे, लंगरमध्ये मांडी घालून बसायचं, गरम खिचडी आणि चहा घ्यायचा. आईला यातलं काहीही शिकवावं लागणार नाही. तलावात बुडी मारायची म्हणेल, त्याला मात्र नाही म्हणा. बर्फाचं पाणी आहे, ओंजळभर डोळ्यांना लावलं तरी पुरे.

राहिलेलं किरकोळ. उत्तराखंड सरकारच्या यात्रा नोंदणीत हेमकुंडही येतं, ती आधी करून ठेवा. रोख पैसे जवळ ठेवा, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. घांघरियात गुरुद्वाऱ्यात राहता येतं, गर्दीत जागा मिळेलच असं नाही, खोली आधी ठरवलेली बरी. रेनकोटपेक्षा पाठपिशवीवरून येणारा पाँचो चांगला.

भावाशी भांडू नका. तो अडवतोय, कारण तोही घाबरलाय, फक्त त्याला ते हेलिकॉप्टरच्या भाषेत सांगता येतं. त्याला काम द्या. डॉक्टरांकडे आईबरोबर त्याला जाऊ द्या, विमा त्याला काढू द्या. ‘काही झालं तर’ याचा विचार चौघांनी एकत्र बसून एकदा केलात की माफीचा प्रश्न तुमच्या एकटीच्या डोक्यावर राहत नाही. आणि बरोबर यायचं म्हणाला तर आनंदच आहे, चालत येऊ दे.

आता आईकडे परत येते. तिकिटं अजून काढू नका. एक शनिवार-रविवार नांदेडला जा, एकट्या. बाबांची वही तिच्याच कपाटात आहे असं तुम्ही लिहिलंय. ती काढायला सांगा आणि तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. चश्मा शोधेल, ‘तूच वाच’ म्हणेल. तुम्ही भाजी निवडत बसा. मुक्काम, अंतरं, खर्च, सगळं तिच्या तोंडून येऊ द्या, आणि ती कुठं थांबते, कुठं हसते, कुठल्या पानावर ‘हे मीच सांगितलं होतं त्यांना’ म्हणते, तेवढं ऐका. मध्ये बोलू नका.